विभागातल्या संगणकावर लॉगिन होत नाही: पासवर्ड पुन्हा टाकण्याआधी काय बघावं

लॅबमधला (धागाकर्ता)

विद्यापीठाच्या एका विभागातले संगणक सांभाळणं हे माझं काम. काही विंडोजवर चालतात, काही लिनक्सवर, आणि सगळ्यांचं लॉगिन एकाच मध्यवर्ती खात्यावरून होतं. सत्र सुरू झालं की सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "लॉगिन होत नाहीये". सांगायला येणाऱ्याने तोवर पासवर्ड इतक्या वेळा टाकून पाहिलेला असतो की खातंच लॉक झालेलं असतं. मूळ अडचण राहते बाजूला आणि आधी ते कुलूप काढत बसावं लागतं.

म्हणून सगळ्यात आधी हे: दोनदा नीट बघून टाकलेला पासवर्ड चालला नाही, तर तिसऱ्यांदा टाकू नका. पडद्यावर नेमकं काय लिहून आलंय ते वाचा, फोनने फोटो काढा.

एंटर दाबल्यावर एकामागून एक बऱ्याच गोष्टी घडतात. संगणक आधी नेटवर्कवर ओळख तपासणारा सर्व्हर शोधतो. सर्व्हर नाव आणि पासवर्ड ताडून बघतो. मग या खात्याला या मशीनवर बसायची परवानगी आहे का, ते पाहिलं जातं. त्यानंतर तुमचं होम फोल्डर (तुमच्या फायली आणि मांडणी ठेवलेली जागा) जोडलं जातं आणि शेवटी डेस्कटॉप उभा राहतो. यात कुठेही अडलं तरी आपल्या तोंडी एकच वाक्य येतं, पण कुठे अडलं ते पडदा बऱ्यापैकी सांगतो.

"नाव किंवा पासवर्ड चुकीचा" असं लगेच आलं, तर बहुधा सर्व्हरने उत्तर दिलंय आणि ते नकारार्थी आहे. बराच वेळ चक्र फिरत राहिलं आणि मग "डोमेन उपलब्ध नाही" अशा अर्थाचं काही आलं (डोमेन म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरखाली जोडलेली मशीनं आणि खाती), तर मशीन सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीये, तुमच्या पासवर्डचा तिथे संबंध नाही. "या संगणकावर साइन इन करण्याची परवानगी नाही" आलं तर पासवर्ड बरोबर आहे, पण ती लॅब तुमच्या गटाला उघडलेली नाही. आणि पासवर्ड स्वीकारला गेला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिनची चौकट समोर आली, तर ओळख पटलीय, घोटाळा होम फोल्डरात किंवा डेस्कटॉप सुरू होण्यात आहे. या शेवटच्या प्रकारात लोक पासवर्ड बदलून घ्यायला धावतात. त्याने काहीच होत नाही.

कोणाला बोलावण्याआधी करून बघण्यासारखी सगळ्यात उपयोगी चाचणी म्हणजे शेजारचं मशीन. तिथे लॉगिन झालं, तर खातं ठीक आहे आणि मशीनमध्ये दोष आहे. कुठेच होत नसेल तर खात्याकडे बघायचं. तुमच्या मशीनवर शेजाऱ्याचंही होत नसेल, तर उठून दुसरीकडे बसा आणि मशीनवरच्या चिकटपट्टीचा नंबर आम्हाला कळवा.

आता कीबोर्ड. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सगळ्यांनी तपासावं. कॅप्स लॉक दिसतो, मांडणी बदललेली मात्र दिसत नाही. आधीच्या माणसाने मराठी इनस्क्रिप्ट लावून ठेवलं असेल तर पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके उमटतात, त्यातून काही कळत नाही. अमेरिकन आणि ब्रिटिश मांडणीत ॲट आणि दुहेरी अवतरण यांच्या जागा उलट्यापालट्या आहेत. ज्यांच्या पासवर्डमध्ये ॲट आहे त्यांना हा त्रास हमखास होतो. लॉगिन पडद्याच्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं, ते बघा.

काही जण पासवर्ड नीट उमटतोय का हे बघायला तो वापरकर्त्याच्या नावाच्या जागी टाइप करतात. त्यात चुकून एंटर दाबलं गेलं तर तुमचा पासवर्ड "अज्ञात वापरकर्त्याचं नाव" म्हणून सर्व्हरच्या नोंदींमध्ये जाऊन बसतो, आणि नोंदी बरेच दिवस ठेवल्या जातात. असं झालं असेल तर पासवर्ड त्याच दिवशी बदला. त्यापेक्षा चौकटीशेजारी डोळ्याचं चिन्ह असेल तर ते वापरा.

ज्यांना अडचण आहे त्यांनी इथे लिहा. लॅब सांभाळणारेही लिहा.

नवसंशोधक

माझं अगदी ते शेवटचं लक्षण आहे. लिनक्स मशीन, पासवर्ड टाकला की पडदा काळा आणि पुन्हा लॉगिन. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला तर वेगळा संदेश येतो, म्हणजे पासवर्ड बरोबरच असणार. त्याच मशीनवर माझ्या शेजारचा मुलगा आरामात आत जातो. आणि माझं दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनवर होत नाहीये, पण विंडोजवर होतं. काल संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं.

लॅबमधला

तुम्ही निम्मं काम करूनच आलात. खातं ठीक, मशीन ठीक, मग उरतं लिनक्सवरचं होम फोल्डर. माझा पहिला संशय कोट्यावर, म्हणजे प्रत्येकाला फायलींसाठी ठरवून दिलेल्या जागेवर. डेस्कटॉप सुरू होताना होम फोल्डरात काही छोट्या फायली लिहाव्या लागतात. जागाच शिल्लक नसेल तर त्या लिहिता येत नाहीत, सत्र तिथेच कोसळतं आणि तुम्ही परत दारात. चित्रमय पडद्यावर याचं कारण बहुतेक वेळा दाखवलंच जात नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर नुसतं अक्षरांचं लॉगिन येईल. तिथे नाव-पासवर्ड टाकून आत जा. आधी "कोटा" ही कमांड चालवा, "एस" हा पर्याय लावलात की आकडे वाचण्याजोगे येतात. ती नसेल तर "डीएफ" चालवून डिस्क किती भरलीय बघा. मग "डीयू" वापरून कुठलं फोल्डर किती खातंय ते काढा. टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरं त्यात यायला हवीत, बहुतेक माल तिथेच असतो. परत चित्रमय पडद्यावर यायचं तर एफ१ किंवा एफ२ वापरून बघा, वितरणानुसार फरक पडतो.

नवसंशोधक

कोटा शंभर टक्के भरलेला! "टिंब कॅशे" या एकाच फोल्डरने निम्म्याहून जास्त जागा घेतलीय. आत भाषेची तयार मॉडेलं आहेत, पायथनच्या प्रयोगासाठी उतरवली होती. ती मी माझ्या होममध्ये ठेवलेलीच नव्हती, असं मला वाटत होतं.

लॅबमधला

ती लायब्ररी स्वतःहून तिथे ठेवते. कॅशे (पुन्हा लागतील म्हणून साठवलेल्या फायली) कुठे असावी हे एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने (प्रोग्राम सुरू होताना वाचतात त्या नेमणुकीने) ठरवता येतं, ते विभागाच्या स्क्रॅच डिस्ककडे, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या डिस्ककडे, वळवा. स्क्रॅचचा बॅकअप घेतला जात नाही, पण मॉडेल पुन्हा उतरवता येतं. प्रबंधाची फाइल मात्र होममध्येच असू द्या.

पुसताना एवढं लक्षात ठेवा: फाइल मॅनेजरमधून पुसलेली फाइल कचरापेटीत जाते आणि कचरापेटीसुद्धा तुमच्याच कोट्यात मोजली जाते. टर्मिनलवरून पुसा किंवा पेटी रिकामी करा.

जागा झाल्यावरही आत जाता आलं नाही, तर होममधली "टिंब एक्सऑथॉरिटी" ही फाइल बघा. डिस्क भरलेली असताना ती कधीकधी शून्य आकाराची तयार होऊन राहते. तिचं नाव बदला, पुढच्या लॉगिनला नवी बनते. सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) वापरून चित्रमय प्रोग्राम चालवणाऱ्यांच्या बाबतीत हीच फाइल रूटच्या, म्हणजे प्रशासक खात्याच्या, मालकीची होऊन बसते आणि लक्षण हुबेहूब हेच दिसतं.

नवसंशोधक

झालं! फाइलचं नाव बदलायची गरज पडली नाही. मनापासून आभार, उद्या मार्गदर्शकांना आकृत्या दाखवायच्या होत्या.

पायथनप्रेमी

याच लक्षणाचं आणखी एक कारण लिहून ठेवतो, कोणाला तरी उपयोगी पडेल. ॲनाकोंडा हा पायथनचा संच बसवताना तो टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या "टिंब बॅशआरसी" फाइलमध्ये आपल्या ओळी घालतो. काही लोक त्या ओळी उचलून "टिंब प्रोफाइल"मध्येही टाकतात. मग डेस्कटॉप सुरू होताना प्रणालीच्या डी-बसऐवजी (प्रोग्रामांमधले निरोप पोचवणारी सोय) कोंडाच्या फोल्डरातला डी-बस आधी सापडतो आणि सत्र उभंच राहत नाही. काळ्या पडद्यावरून आत जाऊन त्या ओळी काढल्या की सुरळीत होतं. लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फायलींमध्ये कमीत कमी गोष्टी असाव्यात. त्यात एखादं "एक्झिट" राहून गेलं तरी माणूस बाहेर.

आणि बॅशआरसीमध्ये स्वागताचा मजकूर छापणारी ओळ असेल तर एससीपी आणि एसएफटीपीने फायली पाठवताना गडबड होते. लॉगिन होतं, फाइल मात्र जात नाही.

गणितवाली

माझी तक्रार वेगळी आहे. पासवर्डची मुदत संपली म्हणून बदलला. तेव्हापासून रोज सकाळी विभागात आले की खातं लॉक असतं. मदत कक्षाला फोन केला की ते उघडून देतात, थोड्या वेळाने पुन्हा लॉक. मी एकदाही चुकीचा पासवर्ड टाकलेला नाही. ते म्हणतात, "तुम्हीच टाकत असाल." याचा फार मनस्ताप झालाय.

लॅबमधला

तुम्ही टाकत नाही आहात, तुमचं कुठलं तरी उपकरण टाकतंय. पहिला संशयित फोन. विद्यापीठाचं वायफाय, एज्युरोम असो की दुसरं, याच खात्यावर चालत असेल, तर फोनमध्ये जुना पासवर्ड साठवलेला आहे. तुम्ही आवारात पाऊल टाकलं की फोन आपोआप जोडायला जातो, जुनाच पासवर्ड पाठवतो, नकार आला की पुन्हा पाठवतो. मर्यादा ओलांडली की खातं लॉक. सकाळी आल्यावरच घडतं म्हणताय, ते याच्याशी अगदी जुळतं.

फोनवर ते नेटवर्क "विसरा" करून नव्या पासवर्डने जोडा. टॅबलेट आणि जुना लॅपटॉपही आठवून तपासा. मग विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेले पासवर्ड, जोडून ठेवलेले नेटवर्क ड्राइव्ह, ईमेलचा प्रोग्राम. आणखी एक जागा सहसा लक्षात येत नाही: दुसऱ्या एखाद्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने गेलात आणि साइन आउट न करता नुसती खिडकी बंद केलीत, तर ते सत्र तिथे जुन्या ओळखीने जिवंत राहतं.

मदत कक्षाला नेमकं हे विचारा: "डोमेन कंट्रोलरवर माझ्या नावाची ४७४० क्रमांकाची नोंद बघून त्यात कॉलर कॉम्प्युटरचं नाव काय आहे ते सांगाल का?" डोमेन कंट्रोलर म्हणजे ओळख तपासणारा सर्व्हर. खातं लॉक होतं तेव्हा ही नोंद पडते आणि चुकीचे प्रयत्न कुठून आले ते तिच्यात असतं. त्या जागी वायफायवरची ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरचं नाव निघालं तर फोनचा संशय पक्का.

सर्व्हररूम

दुसऱ्या विद्यापीठात हेच काम करतो. वरच्याला दुजोरा. सोबत ४६२५ ही नोंदही बघावी, ती अयशस्वी लॉगिनची, आणि ज्या मशीनवर प्रयत्न झाला तिथे असते. तिच्यातल्या उपसंकेताची शेवटची अक्षरं खूप काही सांगतात: ६ए म्हणजे पासवर्ड चुकीचा, ६४ म्हणजे असं नावच नाही, २३४ म्हणजे खातं लॉक, ७१ म्हणजे मुदत संपली. पडद्यावर या सगळ्यांसाठी जवळपास सारखंच वाक्य येऊ शकतं, कारण बाहेरच्या माणसाला कुठलं नाव खरं आहे याचा सुगावा लागू द्यायचा नसतो. ते योग्यच आहे. पण त्यामुळेच प्रशासकाने नोंद न उघडता "तुम्हीच चुकलात" असं म्हणू नये.

गणितवाली

फोनच निघाला. जुना टॅबलेटही घरून आणते तेव्हा तेच करत असणार, तोही साफ केला. मदत कक्षाला नोंदीचा क्रमांक सांगितल्यावर त्यांनी लगेच बघितलं.

एक प्रश्न: मुळात पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलायला का लावतात?

सर्व्हररूम

जुना प्रघात म्हणून. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच सांगितलं की कारण नसताना मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा लावावा. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारस केलेल्या सुरक्षा मांडणीतून मुदतीची अट काढली. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, त्याने सुरक्षा वाढत नाही. आमच्याकडे लांब पासवर्ड आणि दुसरी पायरी (पासवर्डनंतर फोनवरचा कोड) असं केल्यापासून लॉकच्या तक्रारी लक्षणीय कमी झाल्या. तुमच्या विद्यापीठाच्या समितीपुढे हा मुद्दा जरूर मांडा.

लॅबमधला

पूर्ण सहमत. दुसऱ्या पायरीबद्दल एक जोड: फोनवरचा सहा अंकी कोड साधारण ३० सेकंदांनी बदलतो आणि तो फोनच्या घड्याळावरून काढला जातो. घड्याळ हाताने पुढेमागे केलं असेल तर कोड चुकतो आणि दोष पासवर्डवर येतो. तारीख-वेळ आपोआप घेऊ द्या. आणि नवीन फोन घेण्याआधी राखीव कोड कागदावर उतरवून ठेवा. जुना फोन विकल्यावर ते जमत नाही.

रात्रीचा_जॉब

माझं लॉगिन होतं, पण नंतर बिघडतं. गणनेच्या सर्व्हरवर संध्याकाळी सिम्युलेशन लावून जातो. पहाटे कधीतरी ते "परवानगी नाही" म्हणत मरतं, आणि फाइल असते माझ्याच होम फोल्डरातली. सकाळी पुन्हा लॉगिन केलं की तीच फाइल उघडते. प्रत्येक वेळी हेच.

लॅबमधला

तुमचं होम फोल्डर नेटवर्कवरून येतंय आणि त्याला कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या पद्धतीचं संरक्षण आहे, असं दिसतं. लॉगिन करता तेव्हा तुम्हाला एक तिकीट मिळतं. ते दिवसाच्या पासासारखं आहे: तो दाखवून फाइल सर्व्हर, प्रिंटर सगळीकडे जाता येतं, पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही, पण मुदत संपली की सगळीकडची दारं बंद. बऱ्याच ठिकाणी ही मुदत १० तास असते. संध्याकाळी सहाला लॉगिन केलंत तर पहाटे चारला तिकीट संपतं. तुमचा प्रोग्राम चालूच असतो, पण फाइल सर्व्हर त्याला ओळखत नाही.

"केलिस्ट" कमांड चालवा, तिकीट कधी संपतंय आणि कधीपर्यंत नूतनीकरण करता येईल ते दिसेल. नूतनीकरणाची मुदत बहुधा जास्त असते, विंडोज डोमेनमध्ये मूळ मांडणीत ७ दिवस. "केइनिट"ला मोठ्या आरचा पर्याय देऊन नूतनीकरण होतं, आणि "केरिन्यू" नावाचं साधन तेच काम जॉब चालू असेपर्यंत आपोआप करत राहतं. त्याहून सोपं म्हणजे चालू जॉबच्या फायली सर्व्हरच्या स्थानिक स्क्रॅचवर लिहायच्या आणि शेवटी होममध्ये हलवायच्या. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवण्याचा मोह मात्र कृपा करून टाळा.

हे सगळं इतकं कडक का, तर कर्बेरॉस जन्मलाच विद्यापीठाच्या लॅबसाठी. एमआयटीमध्ये १९८३ मध्ये प्रोजेक्ट अथेना सुरू झाला, आवारभर वर्कस्टेशनं ठेवायची होती. सार्वजनिक खोलीतल्या मशीनवर कोण काय करून गेलंय याचा भरवसा नाही, म्हणून मशीनवर विश्वास न ठेवता आणि पासवर्ड नेटवर्कवरून न पाठवता ओळख पटवायची पद्धत त्यांना हवी होती. आपली लॅब आजही तशीच आहे.

सर्व्हररूम

कर्बेरॉसचा विषय निघालाच आहे तर घड्याळाचं सांगतो, कारण लॅबमधल्या जुन्या मशीनचं हे मोठं दुखणं आहे. तिकिटावर वेळेचा शिक्का असतो. मशीन आणि सर्व्हर यांच्या घड्याळात ५ मिनिटांहून जास्त अंतर पडलं की मूळ मांडणीत तिकीट नाकारलं जातं. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं. लक्षण असं: सुट्टीनंतर ठरावीक मशीनवर कोणाचंच लॉगिन होत नाही, शेजारच्यांवर होतं. लॉगिन पडद्यावरची तारीख बघा, सगळा उलगडा होतो. बॅटरी बदला आणि वेळ एनटीपीवरून (नेटवर्कवरच्या वेळेच्या सर्व्हरवरून) येतेय याची खात्री करा. नुसतं घड्याळ लावून दिलं तर पुढच्या वेळी वीज गेली की तेच.

दुसरं, विंडोजच्या लॅबमधलं "या वर्कस्टेशनचा आणि डोमेनचा विश्वाससंबंध तुटला". वापरणाऱ्याने इथे काही करायचं नसतं, पण कारण माहीत असावं. माणसासारखा मशीनचाही डोमेनशी एक पासवर्ड असतो, आणि मशीन तो मूळ मांडणीत दर ३० दिवसांनी स्वतःच बदलतं. लॅबच्या मशीनवर दर रीस्टार्टला जुनी स्थिती परत आणणारं सॉफ्टवेअर असलं, की मशीन जुन्या पासवर्डवर परततं आणि डोमेनकडे मात्र नवा असतो. प्रशासकांसाठी: पॉवरशेलमधली सुरक्षित वाहिनी तपासणारी आज्ञा दुरुस्तीच्या पर्यायासह चालवली तर बरेचदा डोमेनमधून काढून पुन्हा जोडावं लागत नाही. आणि गोठवलेल्या मशीनवर हा आपोआप बदल बंदच ठेवा किंवा त्या सॉफ्टवेअरची त्यासाठीची सोय वापरा.

खिडकीपाशी

आमच्या लॅबमध्ये एक विचित्र प्रकार आहे. एका मशीनवर जुन्या विद्यार्थ्यांचं लॉगिन होतं, नव्यांचं कोणाचंच होत नाही. आम्हाला वाटलं नव्यांची खाती अजून बनली नसतील, पण ती दुसऱ्या मशीनवर चालतात.

लॅबमधला

त्या मशीनची नेटवर्कची तार बघा. विंडोज अलीकडे यशस्वी झालेल्या लॉगिनची माहिती स्वतःपाशी जपून ठेवतं, मूळ मांडणीत १० जणांची. मशीन सर्व्हरपर्यंत पोचत नसलं तरी त्या दहांना आत घेतं. नवा माणूस आधी कधी बसलेला नाही, मग त्याला ताडून बघायला काहीच नाही. लिनक्सवर मध्यवर्ती लॉगिन सांभाळणाऱ्या एसएसएसडीमध्येही अशी साठवण सुरू केलेली असू शकते.

तार ठीक असेल तर डीएनएस (नावावरून मशीनचा नेटवर्क पत्ता सांगणारी सेवा) बघायला सांगा. विंडोज डोमेनचा सर्व्हर डीएनएसवरूनच शोधला जातो. कोणीतरी इंटरनेट वेगवान व्हावं म्हणून त्या मशीनवर बाहेरचा सार्वजनिक डीएनएस घातला असेल, तर वेबसाइट उघडतील, डोमेन सापडणार नाही.

खिडकीपाशी

डीएनएसच होता. कोणी बदलला ते कळलं नाही, पण मूळ मांडणीवर आणल्यावर नवीन मुलंही बसू लागली.

नवी_प्राध्यापिका

माझ्या गटात तीन विद्यार्थी नव्याने आलेत. त्यांची खाती यायला वेळ लागतोय, नोंदणी कार्यालयाकडून माहितीच पुढे सरकलेली नाही म्हणे. तोवर मी त्यांना माझं लॉगिन दिलं तर काय बिघडेल? काम थांबलंय त्यांचं.

लॅबमधला

मॅडम, अडचण खरी आहे, तरी देऊ नका. तुमच्या खात्यात गुणपत्रकं आहेत, परीक्षेचे प्रश्न आहेत, तुमचा ईमेल आहे. चौघं एकच खातं वापरताना एकाने चुकवलं की चौघंही लॉक. आणि उद्या एखादी फाइल गायब झाली तर कोणी काय केलं हे शोधायचा मार्ग उरत नाही. तीन मुलं उगाच संशयाखाली येतात, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

त्याऐवजी विभागाकडे तात्पुरत्या पाहुण्या खात्यांची मागणी करा, ठरावीक तारखेला आपोआप बंद होणारी. बहुतेक ठिकाणी तशी सोय असते, विभागप्रमुखांचा एक मेल लागतो. फायली वाटून घ्यायच्या असतील तर गटाचं सामायिक फोल्डर मागा. आणि खात्यांच्या उशिराबद्दल नोंदणी कार्यालयात विचारा. आम्ही लॅबवाले ती खाती हाताने बनवू शकत नाही, ती विद्यार्थ्यांच्या मूळ नोंदीवरून येतात आणि ही माहिती बऱ्याच ठिकाणी रात्रीतून एकदाच पुढे सरकते. आज दुपारी नोंद झाली तर उद्या सकाळी तपासा.

उपकरणांजवळ

इथे थोडा मतभेद नोंदवते. आमच्या स्पेक्ट्रोमीटरच्या संगणकावर व्यक्तिगत लॉगिन चालतच नाही. मोजणी दोन-दोन दिवस चालते, सॉफ्टवेअर एकाच सत्रात उघडं राहावं लागतं. एकाने पडदा लॉक करून गेलं तर दुसऱ्याला नमुना बदलता येत नाही. तिथे सामायिक खातं नको म्हणणं म्हणजे उपकरण बंद ठेवणं.

लॅबमधला

तुमचं बरोबर आहे, उपकरणाला जोडलेलं मशीन वेगळं धरलं पाहिजे. पण तिथेही कोणा व्यक्तीचं खातं नको. त्याच मशीनपुरतं मर्यादित स्थानिक खातं बनवा, ईमेल आणि इंटरनेट नसलेलं. मोजणीची माहिती एका ठरलेल्या फोल्डरात जाऊ दे आणि तिथून प्रत्येकाने आपापल्या लॉगिनने आपल्या मशीनवर घ्यावी. कोण कधी बसलं याची वही किंवा आरक्षणाची नोंद ठेवा. गटातून कोणी बाहेर पडलं की पासवर्ड बदला. इथे तो बदलण्याला खरंच कारण आहे.

सर्व्हररूम

लॅबमधल्या पासवर्डची गोष्ट जुनीच आहे. एमआयटीच्या सीटीएसएस या सामायिक प्रणालीवर वापरकर्त्यांना पासवर्ड दिलेले होते, ही साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तिथल्या ॲलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला मिळणारा संगणकाचा वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्याने पासवर्डांची सगळी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या खात्यांवर काम केलं. त्याला गरज मशीनवरच्या जास्त वेळाची होती. आजही पासवर्ड हातोहात फिरतात तिथे मुळात कोणाची तरी अशी साधी गरज अडलेली असते. ती पुरवली की फिरणं कमी होतं, म्हणून पाहुण्या खात्यांची सोय झटपट असलीच पाहिजे.

नवी_प्राध्यापिका

पटलं. पाहुण्या खात्यांसाठी मेल टाकलाय.

दूरस्थ

विभागाच्या सर्व्हरवर घरून एसएसएच (दुरून लॉगिन करायची सुरक्षित पद्धत) करतोय. आज मोठी चौकट आली की समोरच्या यंत्राची ओळख बदललीय, कोणीतरी मध्ये बसून ऐकत असू शकतं. घाबरून बंद केलं. मित्र म्हणतो, जुनी ओळ पुसून टाक आणि पुढे जा.

लॅबमधला

थांबलात ते उत्तम केलंत. बहुतेक वेळा कारण साधं असतं, सर्व्हर नव्याने बसवला जातो आणि त्याची किल्ली (ओळख पटवणारी फाइल) बदलते. पण तो इशारा ज्यासाठी आहे तसा हल्लाही असाच दिसतो. विभागाच्या प्रशासकाला फोन करून किंवा विभागाच्या पानावर नव्या किल्लीचा ठसा (तिची छोटी खूण) जुळवा, जुळला तरच जुनी नोंद "एसएसएच-कीजेन"ने काढा. (प्रशासकांनो, सर्व्हर बदलताना जुन्या किल्ल्या नव्यावर न्या, किंवा ठसा आधी जाहीर करा. लोकांना हा इशारा डोळे मिटून ओलांडायची सवय लागली तर दोष आपला.)

एसएसएचमध्ये किल्ली असूनही पासवर्ड मागत असेल, तर होम फोल्डरची परवानगी बघा. तिथे गटाला किंवा इतरांना लिहायची मुभा असेल तर सर्व्हर तुमची किल्ली विचारातच घेत नाही. "टिंब एसएसएच" फोल्डरची परवानगी ७००, आतल्या अधिकृत किल्ल्यांच्या फाइलची ६०० ठेवा, म्हणजे फक्त तुम्हालाच मुभा.

पहिलं_सत्र

मी विंडोज लॅबमध्ये बसलेय. लॉगिन झालं, पण डेस्कटॉप कोरा आहे. माझा प्रकल्प अहवाल कुठेच नाही. कोपऱ्यात तात्पुरत्या प्रोफाइलबद्दल काहीतरी आलं आणि गेलं. तीन आठवड्यांचं लिखाण आहे. कृपया लवकर सांगा.

लॅबमधला

घाबरू नका, अहवाल बहुतेक जागेवरच आहे. विंडोजला तुमचं नेहमीचं प्रोफाइल उघडता आलं नाही म्हणून त्याने कोरं दिलंय. आत्ता या डेस्कटॉपवर काही नवीन लिहिलं असेल तर साइन आउट करण्याआधी ते नेटवर्क ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, कारण तात्पुरतं प्रोफाइल साइन आउट होताच पुसलं जातं. मग सी ड्राइव्हवरच्या युजर्स फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर आहे का बघा. उघडता आलं नाही तरी चालेल, फक्त आहे का ते सांगा.

पहिलं_सत्र

आहे! माझ्या नावाचं एक आणि टेम्प असं दुसरं. माझं उघडलं, अहवाल दिसतोय.

लॅबमधला

मग आधी अहवाल दोन ठिकाणी कॉपी करा, आणि त्या प्रतींपैकी एक उघडून शेवटचं पान वाचून बघा. त्यानंतर एकदा रीस्टार्ट करून लॉगिन करा. काही वेळा आधीच्या सत्रातल्या प्रोग्रामने प्रोफाइलची फाइल धरून ठेवलेली असते आणि रीस्टार्टने ती सुटते. तरीही कोरंच आलं तर मशीनचा नंबर आणि वेळ प्रशासकांना द्या, त्यांना १५११ किंवा १५१५ क्रमांकाची नोंद सापडेल आणि रजिस्ट्रीतल्या प्रोफाइलच्या यादीत तुमची नोंद "बॅक" शेपटी लागलेली दिसेल. ती दुरुस्त करणं त्यांचं काम, इंटरनेटवर वाचून स्वतः करायला जाऊ नका. आणि ते येईपर्यंत त्या मशीनवर कोणाला जुनी प्रोफाइलं साफ करू देऊ नका, पडद्यावर तसा कागद चिकटवून ठेवा.